घरचा सर्व्हर फ्रीबीएसडीवर: पावसाळ्यातली नोंद

घरच्या सर्व्हरवर लिनक्स सोडून फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर आल्यापासून या नोंदींत लिहिण्यासारखं फारसं घडत नाही, आणि ते मला पसंत आहे. आधीच्या लिनक्सवर (नाव घेत नाही, उगाच वाद नको) मोठं अपडेट झालं की संध्याकाळ गेलीच म्हणून समजायचं. कधी नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं, कधी डिस्क माउंटच झालेली नाही. त्यातून शिकायला मिळालं, खोटं कशाला बोलू. पण घरच्यांचे फोटो ज्या मशीनवर आहेत तिथे असली शिकवणी नको.

मशीन तेच, जुना डेस्कटॉप. ८ जीबी रॅम, दोन हार्ड डिस्क झेडएफएसच्या (डिस्कवर फाइली मांडणारी फाइलसिस्टीम) मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एवढ्या रॅमवर झेडएफएस चालतं का, असं सगळे विचारतात. घरच्या कामाला आरामात चालतं, फक्त डीडुपच्या (एकसारखा डेटा एकदाच साठवायची सोय) वाटेला जाऊ नका.

या वेळची खरी बातमी डिस्कची. डिस्कांची तब्येत सांगणाऱ्या 'झेडपूल स्टेटस' या कमांडमध्ये दुसऱ्या डिस्कसमोर चेकसमच्या (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) रकान्यात चुकांची संख्या दिसायला लागली. रीड आणि राइटच्या रकान्यांत मात्र शून्य. म्हणजे डिस्क कुरकुर न करता डेटा देत होती, पण जो लिहिला होता तो हा नव्हे. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा जपून ठेवतं, म्हणून चोरी पकडली गेली. वर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन खराब ब्लॉक त्यानं परस्पर दुरुस्तही केले. एकही फाइल गेली नाही. डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या स्मार्टच्या माहितीत सीआरसी एरर (केबलवरून जाताना डेटा बिघडल्याच्या नोंदी) वाढलेले, रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून डिस्कनं बदललेल्या जागा) शून्य, त्यामुळे संशय केबलवर. साटा केबल बदलली, 'झेडपूल क्लिअर'नं जुने आकडे पुसले, स्क्रब लावला, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळून घेतला. सगळे रकाने शून्य. आधीच्या सेटअपवर हे फोटो उघडेपर्यंत कळलंच नसतं.

लाइट तर पावसाळ्यात कधीही जाते, आणि इन्व्हर्टर पंखे-दिव्यांपुरताच. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर गिरवत नाही; नव्या जागी लिहितं आणि सगळं लिहून झाल्यावरच जुन्याचा पत्ता सोडतं. त्यामुळे मध्येच लाइट गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जातं, फाइलसिस्टीम शाबूत राहते. यूपीएस तरीही घ्यायचाच आहे.

अपडेटची भीती गेली ती बूट एन्व्हायर्नमेंटमुळे, म्हणजे सिस्टीमच्या बूट करता येणाऱ्या प्रतींमुळे. रूट (सिस्टीमचा मूळ भाग) झेडएफएसवर असेल तर 'फ्रीबीएसडी-अपडेट' आधी स्वतःच चालू सिस्टीमची प्रत बाजूला ठेवतं. काही बिनसलं तर बूटच्या मेनूतून जुनी निवडायची. पॅकेजं (वरून बसवलेले प्रोग्रॅम) अपडेट करताना मात्र हे आपल्या हातानं, 'बीईसीटीएल क्रिएट' म्हणून. पॅकेजं आणि त्यांची कॉन्फिग यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये वेगळी नांदतात, त्यामुळे बेस सिस्टीमला धक्का लागत नाही.

साम्बा (घरच्या नेटवर्कवर फाइली वाटणारा प्रोग्रॅम) आणि मीडिया सर्व्हर वेगवेगळ्या जेलमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून अलग कप्प्यांत आहेत. जेल इथे २००० सालच्या फ्रीबीएसडी ४.० पासून आहेत, कंटेनरचा (लिनक्सवरचे असेच कप्पे) गाजावाजा व्हायच्या कितीतरी आधीपासून. पण डॉकर या कंटेनरच्या साधनावर सगळं बसवायची सवय असेल तर इथे हात आखडतो, हे आधीच सांगून ठेवतो. वाय-फायचंही कौतुक करण्यासारखं काही नाही. मी सरळ लॅन केबल ओढली.

पुढचं काम म्हणजे स्नॅपशॉट (त्या क्षणीची डेटाची गोठवलेली प्रत) 'झेडएफएस सेंड'नं भावाच्या घरच्या मशीनवर पाठवायचे. त्याच्याकडचं इंटरनेट बेभरवशाचं आहे, त्यामुळे पहिली प्रत हार्ड डिस्कवर घालून एसटीनं घेऊन जाणार.