लॅपटॉप बदलायचा कधी?

लॅपटॉप रखडतोय म्हणून लगेच नवा घ्यावा, हे मला पटत नाही. आधी विंडोजमधला टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी सोय) उघडून बघावं. माझ्या मशीनवर काहीही चालू नसताना डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटून बसायचा, प्रोसेसर मात्र निवांत. म्हणजे दुखणं हार्ड डिस्कचं होतं. तिच्या जागी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवण) बसवली, रॅम 4 वरून 8 जीबी केली आणि लॅपटॉपने अक्षरशः कात टाकली. (बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद. त्यामुळे घेतानाच जास्त रॅमचा घ्या.) बॅटरी जुनी होऊन टिकेनाशी झाली तर तीही बदलता येते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर मात्र बॅटरी फुगलेली असू शकते. मशीन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका.

माझ्या लेखी खरी मर्यादा सुरक्षा अपडेटची. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) व ठरावीक प्रोसेसर लागतात. माझा लॅपटॉप त्यात बसत नव्हता. ज्यावर बँकेचे व्यवहार करते, तिथे मी तडजोड करत नाही, म्हणून नवा घेतला. जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, लिखाण अजून त्यावरच करते.