तुम्ही विचारलंत म्हणून : तलाक सोडून दाखल्यांवर का लिहितो?

मुस्लिम समाजाविषयी बातमीदारी करत आल्यामुळे वाचक मला हमखास विचारतात, की तलाकसारखा विषय असताना तुम्ही जातीच्या दाखल्यांवर इतके का लिहिता?

तलाकचा प्रश्न मी गौण मानत नाही. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या आणि तात्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवायला 2017 उजाडले. मात्र तलाक, दंगल आणि निवडणूक वगळता मुस्लिम वस्तीत आम्हा बातमीदारांपैकी फारसे कोणी फिरकत नाही, आणि दाखल्याचा प्रश्न या तिन्हींत कुठेच बसत नाही.

बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा जाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. ही ओळख मिळावी म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी चळवळ उभारली आणि तिच्या व्यासपीठावर दिलीपकुमारही आले (गर्दीतले किती जण आरक्षणासाठी आले असतील, कोण जाणे). पण यादीत जात असणे वेगळे आणि ती आपली आहे हे सिद्ध करणे वेगळे. जातीचा दाखला तपासणारी जात पडताळणी समिती 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात बहुधा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर तेही नसते. मग कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुने खरेदीखत, चुलत घराण्यातल्या कोणाचे तरी वैधता प्रमाणपत्र असा शोध सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलीला करावा लागतो.

2014 साली राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना 5 टक्के आरक्षण दिले, तेव्हा ही पायपीट संपेल असे अनेकांना वाटले होते. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती देऊन शिक्षणातले चालू राहू दिले, तरी पुढे अध्यादेशाची मुदतच संपली आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. म्हणजे फळे विकणाऱ्या बागवानाच्या मुलीला अभियांत्रिकीच्या राखीव जागेसाठी पुन्हा तोच दाखला आणि तीच समिती.

म्हणून प्रवेशाच्या हंगामात मी पडताळणी कार्यालयाच्या आवारात असतो. तलाकच्या बातमीसाठी तेव्हाही दुसरे कोणीतरी गेलेलेच असते.