आमची वाटचाल : मुद्द्यांत लिहिणाऱ्यांसाठी एक एडिटर

फोंड्यात दोन खोल्यांचे कार्यालय, मोजकी माणसे आणि एकच उत्पादन: मराठीत मुद्दा, उपमुद्दा, त्याच्या पोटात आणखी उपमुद्दा असे लिहिता येईल असा एडिटर. हवा तो मुद्दा मिटवायचा, उघडायचा, उचलून दुसरीकडे न्यायचा. त्याखालचा सगळा मजकूर सोबत जातो.

पहिले ग्राहक वकील. गोव्यात वारसांमधली वाटणी इन्व्हेंटरीच्या कामकाजातून होते. वारसांची यादी, मालमत्तेची यादी, हिस्से. पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असेल तर निम्मा वाटा आधी हयात जोडीदाराचा. मूळ घराण्याच्या तीन-चार पिढ्या आल्या की साध्या वर्ड फाइलमध्ये वारस एका पानावर आणि त्याच्या जमिनीचा एक-चौदा (गोव्यातला जमीन नोंदीचा उतारा) भलत्याच पानावर. हे झाडासारखे मांडता यायला हवे होते.

कल्पना आमची नव्हे. 9 डिसेंबर 1968 रोजी संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात बाजाराची यादीच गटागटांत लावून, मिटवून-उघडून दाखवली होती. 1983 मध्ये डेव्ह वायनर यांचे थिंकटँक हे मुद्दे मांडायचे सॉफ्टवेअर आले. एवढी जुनी परंपरा असताना शून्यापासून सुरुवात करण्यात मला शहाणपण वाटले नाही. म्हणून आम्ही नियम केला: प्रत्येक स्पर्धक साधनात आपले खरे काम करायचे. वैशिष्ट्यांची यादी वाचून काही कळत नाही. बिले, ग्राहकांची टिपणे, कोडचा आराखडा त्यात ठेवला की साधन कुठे साथ देते आणि कुठे अडते ते कळते.

वर्कफ्लोवी या मुद्द्यांच्या याद्या करायच्या ऑनलाइन साधनात कुठलाही मुद्दा एका क्लिकमध्ये पूर्ण पान होतो आणि आपण कुठे आहोत हे वर दिसत राहते. शोधले तर जुळलेला मुद्दा त्याच्या वरच्या मुद्द्यांसकट दिसतो. हे दोन्ही आम्ही घेतले, आणि त्याचा सर्वाधिक फायदा नाटकवाल्यांना झाला. जत्रा-उत्सवांतली मराठी नाटके बसवणारे दिग्दर्शक अंक आणि प्रवेशांत विचार करतात. पात्राचे नाव टॅग म्हणून दिले की त्या नटाचे सगळे प्रवेश अंकांच्या शीर्षकांखाली समोर येतात.

लिओ हा एडिटर तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे. त्यातले क्लोन मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कल्पना वाटते. एकच मुद्दा दोन ठिकाणी राहतो; एकीकडे दुरुस्त केला की दुसरीकडेही दुरुस्त होतो. वाटणीच्या कामात तोच सर्व्हे नंबर मालमत्तेच्या यादीतही लागतो आणि वारसाच्या नावाखालीही. यासाठी याहून नेमके काही मी पाहिलेले नाही.

2003 साली कार्स्टन डॉमिनिक यांनी सुरू केलेल्या ऑर्ग-मोडकडून (ईमॅक्स या एडिटरमधली मुद्दे मांडायची सोय) साध्या मजकुराची फाइल घेतली: तारांकने म्हणजे पातळी, बस्स. आमची कंपनी नसली तरी वकिलांची फाइल कुठेही उघडेल. ओपीएमएलमध्ये (असे मुद्दे एका साधनातून दुसऱ्यात न्यायचा फाइलचा प्रकार) आयात आणि निर्यात, दोन्ही पहिल्या आवृत्तीपासून आहेत. ऑर्गचे शॉर्टकट मात्र घेतले नाहीत. ते इंग्रजी अक्षरांवर बेतलेले आहेत आणि इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टंकताना सारखा कीबोर्ड बदलावा लागतो. आमच्याकडे टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांवर सगळे चालते.

देवनागरीचे प्रश्न मात्र आम्हाला स्वतःच सोडवावे लागले. ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ‘शेतकऱ्याचे’ शोधले की निम्मे हाती लागतात. म्हणून शोधण्याआधी दोन्ही रूपे एकसारखी केली जातात. ‘क्ष’ हे तीन संकेतांचे. बाणाची कळ ते एका उडीत ओलांडते, बॅकस्पेस मात्र शेवटचेच चिन्ह पुसते, कारण टंकणाऱ्याला बहुधा तेवढेच बदलायचे असते.

कोणी फक्त घरसामानाच्या यादीसाठी विचारणा केली तर आम्ही आजही वर्कफ्लोवीच सुचवतो. त्यांच्यासाठी तेच योग्य आहे.

सध्या काम चालू आहे ते छपाईचे. पडद्यावर क्लोन दोनदा दिसला तर हरकत नाही. न्यायालयात द्यायच्या कागदावर तीच जमीन दोनदा छापली गेली तर ती दोनदा मोजली जाईल. म्हणून दुसऱ्या जागी पूर्ण मजकुराऐवजी ‘पाहा, मालमत्ता क्र. 4’ असा उल्लेख आपोआप यावा, आणि यादीतला क्रम बदलला की तो आकडाही बदलावा. क्रमांक बदलण्याचा भाग झाला आहे. पान संपते तिथे उल्लेख नीट जागी तुटावा, यावर आम्ही अजून झटतो आहोत.