तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी चढताना दिसतं, तरी आम्ही आधीच का निघत नाही?

पुण्याच्या नणंदेनं विचारलंय, लेकीच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या आईनं विचारलंय, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मला हाताला धरून होडीत घेणाऱ्या जवानानंही विचारलं होतं, हिंदीत आणि जरा चिडूनच. पाणी वाढतंय हे दोन दिवस दिसत होतं ना, मग तेव्हाच का नाही निघालात? त्याला मी काहीच बोलले नाही. मांडीवर कागदांची पिशवी होती, शेजारी सासूबाई देवाचा टाक पदरात धरून बसल्या होत्या, आणि मागं गोठ्यात आमचे हे राहिले होते. आता निवांत आहे, म्हणून सांगते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या मधल्या पट्ट्यात. खाली नरसोबाच्या वाडीला दोघींचा संगम. टीव्हीवर डोंगरातला पूर दाखवतात तसा आमचा पूर अंगावर येत नाही. पंचगंगेचा उतार मुळात कमी, त्यात पुढं कृष्णा भरून वाहत असली की तिला वाट मिळत नाही. मग पाणी मागं फुगतं. आम्ही त्याला फूगच म्हणतो. आधी नदीकाठच्या मळीचं गवत जातं, मग ऊस कमरेपर्यंत, मग ओढ्यावरचा पूल. ओढ्याचं पाणी उलटं, गावाकडं वाहायला लागतं. हे सगळं इतकं सावकाश चालतं की माणूस रात्री काठी रोवून झोपतो आणि सकाळी उठून चार बोटं मोजतो. चार बोटांना कोण घाबरणार?

शिवाय पहिल्या पाण्याचं आम्हाला कौतुकच. वाडीच्या देवळात पाणी पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. आम्ही घरचे सगळे त्या पाण्यात स्नान करून येतो. सकाळी ज्या पाण्याला हात जोडले, त्याच्या भीतीनं संध्याकाळी सामान बांधायचं, हे मनाला पटत नाही. निदान आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, अजूनही पटत नाही.

पण खरा घात केला तो गोठ्याच्या भिंतीवरच्या निळ्या रेघेनं.

२००५ च्या पुरात पाणी जिथवर आलं, तिथं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऑइलपेंटनं रेघ ओढून साल लिहून ठेवलं होतं. पोरं तिथं उभी राहून उंची मोजायची. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही हात बांधून बसलो नव्हतो, हे आधी सांगते. ज्वारीची पोती, गहू, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं, सगळं रेघेच्या वर दोन हात चढवलं. फ्रिज पलंगावर उभा केला. मामा म्हणाले, "दोन हजार पाचला एवढं आलं न्हाई, आता काय येतंय?" त्या वेळी आम्हाला ते बरोबरच वाटलं. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी जवळपास ५४ फुटांवर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. सपाट मुलखात तीन फूट म्हणजे काय, ते आम्हाला परत आल्यावर कळलं. ज्वारी फुगून पोती उसवली होती आणि तिला आंबूस वास सुटला होता. तो वास महिनाभर घरातून गेला नाही. आमची तयारी चोख होती, फक्त ती चौदा वर्षांपूर्वीच्या पुराची होती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या घरातून कधी निघायचं, ते म्हशी ठरवतात.

चार म्हशी, त्यातल्या तीन दुभत्या, आणि दोन रेडकं. माणसं कुठंही जातील, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकून झोपतील. म्हशीला गोठा लागतो, वैरण लागते, दोन वेळा धार काढणारा हात लागतो. घर चालतं ते दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर. दोन दिवस आधी निघायचं म्हणजे टेम्पोचं भाडं, विकतची वैरण, जागा बदलली म्हणून आटलेलं दूध. आणि एवढं करून पाणी वेशीपाशी येऊन मागं फिरलं तर? बहुतेक वर्षी ते फिरतंच. मग महिनाभर गल्ली हसते: "काय वहिनी, सहल झाली का?" म्हणून माणूस आणखी एक रात्र थांबतो. त्याच रात्री रस्त्यावर पाणी येतं. मग टेम्पो येत नाही, होडी येते, आणि होडीत म्हैस बसत नाही.

ह्यांनी त्या रात्री दावी कापून म्हशी सोडल्या. दोन पोहत वरच्या माळाला लागल्या. एक आठवड्यानं उसात सापडली, फुगलेली. चौथी सापडलीच नाही.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली होडी उलटली. आम्हाला ते छावणीत कळलं. त्यानंतर आमच्या घरात "होडी येईल की" हे वाक्य कुणी उच्चारलेलं नाही.

छावणीतून आल्यावर मी स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खाली खडूनं दोन आकडे लिहिले: ३५ आणि ४०. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३. आमचा नियम असा की आयर्विनला ३५ झालं आणि पाणी चढतं असेल तर टेम्पोवाल्याला फोन. ४० झालं की म्हशी गाडीत. पाणी आपल्या उंबऱ्यापासून किती लांब आहे, ते बघायचंच नाही. हे आकडे आमच्या घरापुरते. नदीपासून तुम्ही किती लांब, किती उंच, त्यावर तुमचे ठरतील.

आकडा वाचायलाही शिकावं लागलं. नुसतं आयर्विन बघून भागत नाही, कारण वारणा त्या पुलाच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळते. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्गही बघायचा. कोयनेतून किती सोडलं ते बघायचं. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. हे सगळं आता मोबाइलवर येतं. पारावर पुरुषमंडळींचा वाद खाली कर्नाटकातल्या अलमट्टीवरून रंगतो, ते धरण पाणी अडवतं की नाही यावर. त्यात तथ्य असेल, नसेलही. त्या वादानं गोठ्यातली म्हैस हलत नाही.

म्हशी जातात कुठं? माझ्या माहेरी, हातकणंगले तालुक्यात, माळावर. पाहुण्यांच्या गोठ्यात चार जनावरं नेऊन बांधायची म्हणजे तोंडदेखलं बोलून चालत नाही. भावाशी आणि वहिनीशी उन्हाळ्यातच बसून ठरवलं: वैरण आमची, त्या दिवसांचं दूध त्यांचं. वहिनी हसून म्हणाली, "मग दरवर्षी येऊ दे की पूर." माझ्या मते घरातली सगळ्यात मोठी तयारी ही एवढीच आहे. बाकी पिशवी कुणीही भरेल.

तरी पिशवीचं विचारताच. सात-बारा आता ऑनलाइन निघतो, तो नेत नाही. आधार, बँकेचं आणि दूध संस्थेचं पासबुक, मामांच्या बीपीच्या गोळ्या आणि कवळी, पोरीचे पॅड. निघताना प्रत्येक खोलीचा मोबाइलवर फोटो, पंचनाम्याला उपयोगी पडतो. मेन स्विच बंद, सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलेला, नाहीतर तो तरंगत शेजारी जातो. आमच्या गल्लीत २०१९ ला एका आजोबांना गुळाच्या काहिलीत बसवून नेलं होतं. ऐकायला मजा वाटते, पण वल्हं मारणाऱ्याला विचारा.

परत येताना घाई केलेली मला चालत नाही. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर पडतात, ऊन लागलं की जास्तच. आमच्या गल्लीतली दोन घरं तशीच बसली, पाणी गेल्यावर. आधी काठी घेऊन कोपरे बडवायचे, चुलीत आणि कपाटामागं साप बसलेला असतो. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्याशिवाय घोट नाही.

गावच का सोडत नाही, हा पुढचा प्रश्न ठरलेला. जमीन इथं आहे, आणि ती जमीन पुराच्या गाळानंच काळी झालीय. एवढंच.

नियम पहिल्यांदा लागला २०२१ च्या जुलैत. म्हशी आधीच माहेरी होत्या, पाणी घरात आलं, आम्ही ट्रॅक्टरमधून कोरड्या पायानं गेलो. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं कोल्हापुरात धोक्याची पातळी ओलांडली. आम्ही ३५ ला फोन केला, ४० ला गाडी भरली, आणि पाणी आमच्या दारात आलंच नाही. टेम्पोचं भाडं गेलं, दूध आटलं, गल्ली हसली. मामा तीन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तरी मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला तेच बाहेरून ओरडले, "सूनबाई, आयर्विन किती झालं?" मी आकडा सांगितला. ते उठून दावी मोजायला गोठ्यात गेले. पुण्याहून नणंदेचा फोन आला, निघालात का म्हणून. म्हटलं, नाही अजून, पण म्हशी उद्या सकाळची धार झाली की जाणार.