गोदाकाठची जुनी पेठ

नाशिकला येणारे बहुतेक प्रवासी रामकुंडावर स्नान करतात, काळारामाचे दर्शन घेतात आणि लगेच त्र्यंबकेश्वराची वाट धरतात. समोरच्या काठावर सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल आणि तांबट आळी अशी एकमेकींत गुंतलेली जुनी पेठ आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. श्रावणातल्या एका बुधवारी मी ती पायी फिरलो आणि या पेठेला तीर्थक्षेत्रानेच घडवले आहे, हे माझ्या मनात पक्के झाले.

भांडी बाजारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. श्राद्धविधीसाठी येणाऱ्या यजमानाला ताम्हण, पळी आणि पंचपात्र लागते, आणि परतताना गोदावरीचे पाणी न्यायला तांब्याचा गडू लागतो. ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, म्हणून नदीपासून हाकेच्या अंतरावर तांबटांची वस्ती रुजली. एका दुकानाच्या मागच्या बाजूला एक वयस्कर कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी आधारावर घागर फिरवत मठारकाम करत होते. हातोडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाला चिकटून पडत होता आणि मंद तांबड्या पत्र्यावर चकचकीत ठिपक्यांची ओळ गोल गोल चढत होती. या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा पडत नाही, असे त्यांनी हात न थांबवता सांगितले. यंत्रावर दाबून काढलेली भांडी आता स्वस्तात मिळतात. तरीही घरासाठी एकच तांब्या घ्यायचा असेल तर तो मठारलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोगल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत. आज डोळ्यांना दिसते ती वास्तू मात्र मुख्यतः पेशवाईतली आहे. सराफ बाजारातला सरकारवाडा त्याच काळातला, आणि पलीकडच्या काठावर नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेले रामेश्वराचे मंदिरही त्याच काळातले. त्या मंदिराची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगते.

खाण्याच्या बाबतीतही वाटसरूची गरज या पेठेने नेमकी ओळखली आहे. नाशिकचा चिवडा प्रसिद्ध आहे आणि कोंडाजींचे नाव तर गावोगाव पोहोचले आहे. प्रवासात न बिघडणारा, शिदोरीत सहज मावणारा हा पदार्थ यात्रेकरूंच्या गावात इतका फोफावला, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. दुकानात उभ्याने खाताना त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हवेच. सकाळी काळ्या मसाल्याची झणझणीत मिसळ खावी. सोबत पापड आणि दह्याची वाटी येते आणि मोड आलेल्या मटकीची चव तर्रीखाली दबत नाही. नंतर बुधा हलवायांकडची गरम जिलेबी. संध्याकाळी घाटावर भेळभत्ता घ्यावा आणि त्यातली तळलेली मिरची सोडू नये.

बुधवारी मात्र सगळी गर्दी घाटाकडे लोटते, कारण त्या दिवशी गंगेवर आठवडे बाजार भरतो. गोदावरीला इथले लोक गंगाच म्हणतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या डोंगराळ तालुक्यांत पिकणारी नागली, म्हणजे नाचणी, इथे पोत्यांतून विकायला मांडलेली होती. शेजारच्या टोपल्यांत पावसाळ्यातल्या रानभाज्या होत्या. करटुल्यांच्या ढिगाशी बसलेल्या एका मावशींनी मला ती चिरायची कशी, बिया कोवळ्या असतील तर ठेवायच्या आणि जून असतील तर काढायच्या, हे सविस्तर समजावले आणि मगच वजन केले.

ज्या नदीने ही पेठ पोसली तिच्याच पुराचा धाक पेठेला दर पावसाळ्यात असतो. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला, कमरेला की गळ्याला पाणी लागले, यावरून नाशिककर पूर मोजतात. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती मूर्ती बुडाली आणि पाणी बाजारात शिरले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की काठचे दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल उचलून माळ्यावर चढवू लागतात. मी एका कापड दुकानात चौकशी केली, तेव्हा मालकांनी भिंतीवरची पुराची खूण दाखवली. ती माझ्या खांद्याच्या वर होती, आणि दुकानातली सगळी कपाटे त्या रेषेच्या वरच ठोकलेली होती.