रास्पबेरी पायसाठी घरी बनवलेली लाकडी पेटी

रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकासाठी तयार पेट्या पुष्कळ मिळतात, तरीही मी माझ्या बोर्डाची पेटी ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून घरी बनवली, कारण जीपीआयओ पिनांना (बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी बोर्डावर असलेल्या पिनांना) कायमच्या जोडलेल्या सेन्सरच्या तारा न दाबता बाहेर काढता येतील, अशी जागा मला हवी होती. लाकूड निवडण्याचे दुसरे कारण वायफायचे आहे. या बोर्डाचा अँटेना बोर्डावरच असतो आणि चारही बाजूंनी बंद असलेली धातूची पेटी त्याचे सिग्नल अडवते. पातळ प्लायवुडचा तसा त्रास होत नाही.

पेटी बाहेरच्या मापांपासून न आखता बोर्डाच्या छिद्रांपासून आखावी, असे माझे ठाम मत आहे. बोर्ड ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावरची चार छिद्रे २.७ मिलिमीटर व्यासाची असून त्यांच्या केंद्रांतील अंतर लांबीच्या दिशेने ५८ आणि रुंदीच्या दिशेने ४९ मिलिमीटर असते. तळाच्या फळीवर हीच चार केंद्रे आधी नेमकी खुणावून घेतली, बोर्ड पितळी स्पेसरांवर (बोर्ड तळापासून उचलून धरणाऱ्या लहान नळ्यांवर) एम २.५ स्क्रूंनी बसवला आणि मगच व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक पोर्टची जागा मोजून भिंती आखल्या, म्हणजे चुकीला फारसा वाव राहत नाही. छिद्रे पाडताना फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरावा, नाहीतर ड्रिल बाहेर पडते त्या बाजूच्या चिपा उडतात. मेमरी कार्डाच्या कडेपासून पहिली दोन छिद्रे ३.५ मिलिमीटरवर येतात, पण यूएसबीच्या बाजूला बोर्डाचा २३.५ मिलिमीटर भाग आधाराशिवाय पुढे राहतो. जड केबलचा भार तिथेच पडत असल्याने त्या टोकाखाली रबराची लहान चकती ठेवणे मला आवश्यक वाटते.

खरे कौशल्य लागते ते भिंतींत. यूएसबी आणि इथरनेटचे पोर्ट बोर्डाच्या कडेच्या थोडे बाहेर आलेले असतात, त्यामुळे चारही बाजूंनी बंद खिडक्या कापल्या तर बोर्ड आत उतरतच नाही. म्हणून मी खिडक्यांऐवजी भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली उतरणाऱ्या खाचा कापल्या. बोर्ड वरून सरळ बसतो आणि खाचांची उघडी राहिलेली तोंडे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या बंद करतात. मायक्रो एचडीएमआयच्या खाचा मात्र पोर्टच्या नव्हे, तर केबलच्या प्लास्टिकच्या मुठीच्या मापाच्या हव्यात, कारण मूठ भिंतीला अडली की ते आखूड टोक पोर्टमध्ये पूर्ण बसत नाही. आतल्या कोपऱ्यांना बारीक कानस आणि कडांना पॉलिश पेपर लावायला घाई करू नये.

उष्णतेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसवर पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो आणि लाकूड आतली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. तळाला आणि झाकणाला, दोन्हीकडे छिद्रे ठेवली आणि पेटीला पाय लावून ती उचलली, तर गार हवा खालून येऊन गरम हवा वरून निघून जाते. प्रोसेसरच्या चिपवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा तुकडा, चिकटवावाच. सतत भार असेल तर झाकणाला लहान पंखा लावून तो चौथ्या पिनवरील ५ व्होल्ट आणि सहाव्या पिनवरील ग्राउंडला जोडता येतो. नंतर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) व्हीसीजेनसीएमडी (vcgencmd) आज्ञेने प्रोसेसरचे तापमान पाहावे आणि ते झाकणासह व झाकणाशिवाय, एकाच कामाच्या भाराखाली, ताडून घ्यावे.

भिंती तळाला गोंदाने न चिकटवता कोपऱ्यांतील लहान लाकडी ठोकळ्यांत स्क्रूंनी बसवल्या आहेत. रास्पबेरी पाय ५ मध्ये छिद्रांची मांडणी हीच आहे, पण यूएसबी आणि इथरनेटच्या जागांची अदलाबदल झाली आहे आणि ऑडिओ जॅक काढून टाकला आहे, त्यामुळे बोर्ड बदलल्यास तळ तोच ठेवून पोर्टांच्या बाजूच्या दोन भिंती आणि त्यांवर बसणाऱ्या झाकणाच्या पट्ट्या तेवढ्या नव्याने कापाव्या लागतील.