आजोळच्या जर्सीत

"मुलाला स्वतःचं गाव असताना आजोळच्या संघातून का खेळवता?" जानेवारीत नवी मुंबईत आमच्या विभागातल्या गावांच्या संघांच्या कबड्डी स्पर्धा सुरू झाल्या की हा प्रश्न हमखास येतो. सासरची माणसं मायेने विचारतात, समोरच्या संघाचे कार्यकर्ते हरकत म्हणून. परवा तुम्हीही विचारलंत, पण चढाई चालू होती, उत्तर अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच सांगते.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, पण मी वाढले कोपरखैरण्यात. वडील माथाडी. आधी ते मशीद बंदरला, गावकीच्या खोलीत राहायचे. ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला आला आणि त्यांची टोळीही खाडी ओलांडून इकडे आली. टोळीत बहुतेक सगळे एकाच गावचे, भावकीतले, कारण नव्या पोराला कामावर लावणारा गावचाच कुणीतरी असायचा. दिवसभर गोणी वाहिलेली ही माणसं सुट्टीच्या दिवशी मातीत उतरायची. कबड्डीला बूट नको, बॅट नको, मैदानही फार मोठं नको. संघ नव्याने जमवायचीही गरज नव्हती. टोळी होतीच, तिला गावाचं नाव दिलं की झालं.

1969 च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी माथाडी बोर्डाच्या हाती आल्या. कामाला शाश्वती आली तशी बायकापोरं गावाहून आली, आणि माझ्यासारख्या मुली इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. गावी आम्ही जायचो ते मे महिन्यात आणि जत्रेला. गावातली माणसं मला खरी कळली ती मैदानाच्या कडेला बसून. कोण कुणाच्या घरातला, कुणाची शेती पडीक आहे, कुणाच्या मुलीचं बघायचं चाललंय, हे सगळं दोन सामन्यांच्या मधल्या वेळात कानावर पडायचं. शाळेच्या पत्र्यांसाठी वर्गणीही तिथेच जमायची. वडील डावा कोपरा खेळायचे. त्यांनी घोटा धरला की चढाईपटू सुटत नसे. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, त्या काळचे विरोधी संघवालेसुद्धा आजही तेच सांगतात.

माझे मिस्टर जळगावकडचे. त्यांच्या गावची नवी मुंबईत मोजकीच घरं, त्यामुळे संघ नाही. मुलगा सुट्टीत तिकडे जातो, आजीशी अहिराणीत बोलतो. ते त्याचं गाव आहेच, ते कुणी काढून घेतलेलं नाही. पण कबड्डी त्याला शिकवली मामांनी. पकड आजोबांकडून आली. मग ज्या गावाने खेळ दिला, त्या गावाच्या नावाने तो खेळला तर कुणाचं काय गेलं?

फुटबॉलमध्ये हे कधीच मान्य झालंय. फिफाच्या नियमांत आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले असले, तरी त्या देशाशी नातं धरलं जातं. आजी आईकडची की वडिलांकडची, असा भेद त्यात नाही. 2022 च्या विश्वचषकात मोरोक्कोच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण देशाबाहेर जन्मलेले होते. अश्रफ हकिमी माद्रिदचा, सोफियान बुफाल पॅरिसचा. त्यांची आधीची पिढी कामासाठी युरोपात गेलेली. पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरी गाठली तेव्हा बुफाल आपल्या आईला मैदानात घेऊन नाचला. ते बघताना मला रडू आवरेना.

दुसऱ्या बाजूचं बोलणंही मला माहीत आहे. 1990 मध्ये ब्रिटनमधले नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांची निष्ठा ओळखायला क्रिकेटची कसोटी सांगितली होती: तुम्ही टाळ्या कुणासाठी वाजवता? मला ही कसोटी माणसांवर अन्याय करणारी वाटते. 12 जून 2024 ला न्यूयॉर्कमध्ये आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळला. 2010 मध्ये तो भारताच्या 19 वर्षांखालच्या संघात होता. त्या दिवशी त्याने विराटला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला 3 धावांवर बाद केलं. आमच्या घरात हळहळही झाली आणि टाळ्याही वाजल्या. भारतच जिंकायला हवा होता, तो जिंकलाही. म्हणून त्या टाळ्या खोट्या ठरत नाहीत.

आता आपल्या नियमाचं. प्रवेशिकेसोबत आधार कार्ड मागतात, गावचा पत्ता बघतात. इथे जन्मलेल्या निम्म्या पोरांच्या आधारवर घणसोली नाहीतर कोपरखैरणे लिहिलेलं असतं. ती चालतात, कारण बापाला सगळे ओळखतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांचं गाव गेलं, त्यांना तर पत्ताच उरला नाही, तरी त्यांना कुणी अडवत नाही आणि अडवूही नये. म्हणजे पत्त्याचं नुसतं निमित्त. खरी अडचण येते ती नातं आईकडून असलं की. गावातली लेक लग्नानंतर वर्गणी देते, जत्रेला ओटी भरायला जाते, बक्षीस समारंभात माहेरवाशीण म्हणून तिचा सत्कारही होतो. तिचा मुलगा मॅटवर उतरला की मात्र तो बाहेरचा!

माझ्या माहेरच्या मंडळाने भाच्यांना संघात घेतलंय, त्यासाठी भावांनी भांडण केलंय. विभागाच्या बैठकीत मी लेखी दिलंय की प्रवेशिकेवर 'आईचं गाव' हा रकाना घाला. एक खेळाडू एका हंगामात एकाच गावाकडून, एवढी अट ठेवा म्हणजे पळवापळवी होणार नाही. मुलींचे सामने सुरू करा हेही त्याच अर्जात आहे, कारण माझी धाकटी पकडीला थोरल्याहून चांगली आहे. काही गावांनी होकार कळवलाय. तुमच्या गावाचं उत्तर अजून यायचंय.